काटकसर कोणाच्या खिशातून?

नोव्हेंबर महिना अर्ध्यावर आला, की आमच्या वसई परिसरातील अनेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर एक वही उघडली जाते. नाताळच्या सुटीत गोव्याला जायचे असते. गाडी कोणती, मंडळी किती, मुक्काम किती रात्रींचा, असे प्रश्न निघतात आणि वहीत रकाने पडतात : गाडीभाडे, टोल, राहणे, खाणे, फिरणे, किरकोळ. बेरीज झाली, की घरातील कर्ता माणूस चष्मा काढून ठेवतो आणि मग एकेक आकडा खाली येऊ लागतो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर दहा वर्षांनी होणारे प्रदर्शन भरले, तेव्हा तर अशा वह्या घरोघरी उघडल्या गेल्या.

वही उघडावी लागते, कारण पणजी हे स्वस्त गाव राहिलेले नाही. नाताळ ते नववर्ष ह्या आठवड्यात तेथील खोल्यांचे दर एरवीपेक्षा कितीतरी वर चढतात. स्थानिक टॅक्सी मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि गोवा जवळ आला हे खरे, पण सुटीच्या दिवसांची आरक्षणे हां हां म्हणता संपतात. शिवाय सात माणसे असली, की सात आसनांची गाडी भाड्याने घेणे माणशी हिशेबात परवडते आणि तीच गाडी तेथे फिरायलाही कामी येते. म्हणून सुमारे सहाशे किलोमीटरचा रस्ता धरला जातो. कोणी पेण, महाड, चिपळूणमार्गे कोकणातून उतरतो, तर कोणी पुणे, कोल्हापूरकडून वळसा घालून आंबोलीचा घाट उतरतो.

आकडे खाली आणण्याच्या ह्या कलेला आपण काटकसर म्हणतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि तिचा अभिमान बाळगण्यात काही गैर नाही. प्रश्न एवढाच आहे, की वहीतून खोडलेला खर्च खरोखरच नाहीसा होतो, की तो तेथून उठून दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाऊन बसतो? वरवर क्षुल्लक दिसणारा हा प्रश्न आम्हांला नीतिशास्त्राचाच एक गंभीर प्रश्न वाटतो आणि त्याचा विचार वाचकांसोबत करावा, अशी इच्छा आहे.

आधी दोन शंका दूर केल्या पाहिजेत. पहिली शंका आपल्याच घरातून येते. मुलांच्या शिक्षणाचे हप्ते चालू असताना, घराचे छप्पर गळत असताना सहलीवर पैसे घालवणे योग्य आहे काय? अनेक आईबाप ह्या विचाराने अपराधी होतात. संत थॉमस अक्विनास ह्यांनी तेराव्या शतकात खेळ व विरंगुळा ह्यांचा विचार करताना संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगितली आहे. योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असलेला पाहून काही लोक बिचकले. योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडण्यास सांगितले आणि विचारले, की तू हे न थांबता करत राहशील काय? तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे, हे योहानाचे उत्तर. अक्विनास विश्रांतीला शरीराइतकीच मनाची गरज मानतात आणि योग्य प्रमाणातील विरंगुळ्याला सद्गुणांत स्थान देतात. वर्षभर सकाळची लोकल पकडून दमलेल्या माणसाने मुलाबाळांसह चार दिवस समुद्राकाठी काढावेत, ह्यात उधळपट्टी नाही.

दुसरी शंका बाहेरून येते. गोव्यातील राज्यकर्त्यांच्या तोंडी गेली काही वर्षे 'दर्जेदार पर्यटक' हा शब्दप्रयोग वरचेवर येतो. दर्जा म्हणजे बहुधा खिशाचा दर्जा. घरून डबे बांधून आलेले, एका गाडीत दाटीवाटीने बसलेले कुटुंब त्या व्याख्येत बसत नाही. मग ज्याच्यापाशी पैसे कमी, त्याला समुद्राचा हक्कही कमी काय? जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्याने १७९५ साली चिरशांतीवर लिहिलेल्या निबंधात परक्या माणसाच्या हक्काचा विचार केला आहे. पाहुणा म्हणून घरात ठेवून घेतले जाण्याचा हक्क परक्याला नाही, परंतु भेट देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, कारण पृथ्वीचा पृष्ठभाग मर्यादित आहे आणि मुळात तो सर्वांचा आहे, असा त्याचा युक्तिवाद. आपल्याकडील कायद्याचीही दिशा हीच दिसते. हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या काठाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असे सांगितले, की समुद्रकिनारा, वाहते पाणी, वने ही संपत्ती शासनाकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते. मिरामारच्या वाळूवर पाय ठेवण्यास तिकीट नाही आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दारातही कोणी पैसे मागत नाही. साध्या माणसाने तेथे संकोचाने उभे राहण्याचे कारण नाही.

परंतु त्याच निबंधात कांट दुसरी बाजूही दाखवतो. युरोपातील राष्ट्रांनी परदेशी भेट देणे म्हणजे तो देश जिंकणे असाच अर्थ केला, ह्याबद्दल तो त्यांना धारेवर धरतो. १५१० चा गोवा ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको. म्हणजे भेट देण्याचा हक्क खरा, पण भेट देणाऱ्याच्या हातून यजमानाचे काही ओरबाडले जाऊ नये, ही त्या हक्काची अट आहे. येथे आपल्या वहीचा संबंध येतो.

ॲरिस्टॉटलने औदार्याचा विचार करताना कृपणतेची दोन अंगे सांगितली आहेत. एक, देण्यात उणे पडणे आणि दुसरे, घेण्यात अधिक होणे. ही विभागणी आम्हांला फार उपयुक्त वाटते. जो स्वतःपुरते कमी घेतो, साध्या खोलीत राहतो, एक वेळ भाजीपावावर भागवतो, त्याला कृपण म्हणता येणार नाही. पण जो आपले पैसे राखण्यासाठी दुसऱ्याची झोप, श्रम, जागा किंवा मिळकत उचलतो, तो घेण्यात अधिक होतो. बाहेरून दोन्ही माणसे सारखीच काटकसरी दिसतात. वहीत दोघांचीही बेरीज तेवढीच येते. म्हणून बेरजेवरून निवाडा करता येत नाही, एकेक ओळ तपासावी लागते.

प्रवासाची ओळ घ्या. सर्वांत प्रचलित काटकसर म्हणजे रात्री निघणे. एका रात्रीचे लॉजभाडे वाचते, पहाटे गोव्यात पोचून दिवसही पदरात पडतो. मागील आसनांवरची मंडळी डोके टेकून झोपतात. त्यांचे वाचलेले भाडे ड्रायव्हर आपल्या डोळ्यांनी भरत असतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास ही कामाची मर्यादा घातली. पाचापेक्षा कमी कामगार असलेल्या गाडीमालकापर्यंत तो कायदा पोचत नसे, पण माणसाचे डोळे कायदा पाहून मिटत नाहीत. कशेडी, परशुराम ओलांडून रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला सकाळी, 'दादा, आता जरा कळंगुटला सोडा', असे आपण सहज म्हणतो. गाडी घरची असेल आणि नोकरीवरून परतलेला थोरला मुलगा चाकावर बसणार असेल, तरी स्थिती बदलत नाही. उलट तेथे भत्त्याचाही प्रश्न उरत नाही. शिवाय ह्या काटकसरीत पणाला लागतात ते गाडीतील सर्वांचे आणि समोरून येणाऱ्या अनोळखी माणसांचे प्राण. वाचलेल्या रकमेशी त्यांची तुलना कोणत्या रकान्यात करावयाची?

राहण्याची ओळ पाहा. खोली चौघांची घ्यायची आणि रात्री मागल्या जिन्याने आणखी तिघांना आत न्यायचे, ही युक्ती हसत हसत सांगितली जाते. ती मुलांसमोर सांगितली जाते, हे अधिक वाईट. खोटे बोलू नये असे शिकवणारा बाप मॅनेजरच्या टेबलापाशी खोटे बोलतो आणि मुलगा शेजारी उभा राहून ते ऐकतो. त्याच वेळी ड्रायव्हर कोठे झोपणार, हा प्रश्न वहीत नसतोच. तो गाडीत झोपतो. डास, उकाडा, नैसर्गिक विधीची अडचण, आंघोळीची भ्रांत हे सारे त्याच्या वाट्याला येते. चार दिवस तो आपल्या सोबत असतो आणि चार दिवस आपल्यात नसतो.

काही कुटुंबे गोव्यातील नातलगांकडे उतरतात. ही आपली जुनी रीत आणि ती मोडावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या घरात दोन खोल्या आणि पाच माणसे आहेत, तेथे ऐन नाताळात सात माणसांनी उतरायचे आणि कळवायचे निघाल्यावर, ह्याला आपुलकी म्हणावे काय? यजमानीण हसतमुखाने स्वागत करते, शेजारून गाद्या आणते, बाजारातून महागाचे मासे आणते. आपल्या वहीत राहण्याखाली शून्य लिहिले जाते. तिच्या वहीत काय लिहिले जाते, ते आपल्याला कधी दिसत नाही.

आता खाण्याची ओळ. शिदोरी हा मराठीतील एक सुंदर शब्द आहे. दशम्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, वसईची सुकेळी हे सारे पानाफडक्यात बांधून नेण्यात गरिबी नाही, शहाणपण आहे. पण शिदोरी बांधणारे हात कोणाचे? घर निघते पहाटे पाचला आणि आई उठते दोनला. पुढे एखादी खोली स्वयंपाकाच्या सोयीसह मिळाली, की 'बरे झाले, बाहेरचे खावे लागणार नाही', असे सारे म्हणतात आणि तिची चूल वसईहून पणजीला येते. सर्वजण मिरामारला सूर्यास्त पाहत असतात आणि ती भात टाकत असते. विश्रांतीसाठी काढलेल्या सहलीत जिला वर्षभर विश्रांती नाही, तिलाच ती नाकारली जाते आणि ह्या हिशेबाला आपण बचत म्हणतो.

काहीजण स्टोव्ह आणि पातेली घेऊन रस्त्याकडेला, किनाऱ्यालगत स्वयंपाक मांडतात. गोवा शासनाने २०१९ साली पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर अन्न शिजवण्यास बंदी केली. त्या वेळी एका व्यक्तीस २,००० आणि समूहास १०,००० रुपये असा दंड ठेवण्यात आला. कायदा कडक आहे, असे काहींना वाटेल. पण मागे राहिलेली राख, खरकटे, पत्रावळी आणि प्लास्टिक दुसऱ्या दिवशी वाकून उचलणारी सफाई कामगार स्त्री ध्यानात घेतली, तर कायद्यामागील त्रासही समजतो. जेवण स्वस्तात पडले, कारण त्याची अखेरची किंमत तिने मोजली.

खरेदीची ओळ तर आम्हांला विशेष बोलकी वाटते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भुईवर बसून मिरच्या, कोकम, चणेदाणे विकणाऱ्या बाईशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि तिने भाव उतरवला, की जिंकल्यासारखे वाटते. त्याच दिवशी वातानुकूलित दुकानात छापील किंमत निमूटपणे देतो. जेथे समोरचा बळकट आहे, तेथे आपली काटकसर गप्प बसते आणि जेथे तो दुबळा आहे, तेथे तिला वाचा फुटते. पैसे न लागणाऱ्या गोष्टींचेही तसेच आहे. पणजीच्या फोंतेन्हास भागातील रंगीत घरे छायाचित्रात सुंदर दिसतात, पण ती प्रदर्शनात मांडलेली घरे नव्हेत. आत आजारी माणूस असेल, अभ्यास करणारे मूल असेल. त्यांच्या पायरीवर बसून, खिडकीला टेकून तासभर छायाचित्रे काढणाऱ्या गर्दीला एक पैसाही पडत नाही. घरातल्या माणसाची शांतता मात्र जाते.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. वाचक म्हणतील, 'फादर, इतका विचार करायचा तर गरिबाने घराबाहेर पडूच नये काय? धनिकांची हॉटेले किती पाणी उपसतात, त्यांची दुसरी घरे गावोगावच्या जमिनींचे भाव कोठे नेऊन ठेवतात, हे सोडून आमच्या पातेल्याचाच हिशेब का?' ह्या आक्षेपात तथ्य आहे. श्रीमंताच्या चैनीचा भार अधिक मोठा असतो आणि अधिक झाकलेला असतो. त्याच्यासाठी कोणी रस्त्याकडेला दंडाची पाटी लावत नाही. त्यावर बोललेच पाहिजे. परंतु दुसऱ्याचा दोष मोठा आहे म्हणून आपल्या गाडीतील ड्रायव्हरची झोप भरून येत नाही. शिवाय ज्यांच्यावर आपली काटकसर पडते, ते बहुतेक आपल्याहून कमी मिळकतीचे असतात. श्रीमंतावर असलेला राग आपण नकळत त्यांच्याकडून वसूल करावा, हे न्यायाचे नव्हे.

मग काटकसर करावी कशी? प्रत्येक वेळी दुसऱ्याकडून काही घेणे वाईट, असेही नाही. नातलगाचे प्रेमाने दिलेले अंथरूण, शेजाऱ्याने उसनी दिलेली गाडी, बहिणीने बांधून दिलेले लाडू ही देणगी असते आणि देणगी नाकारणे हाही एक अहंकार असू शकतो. फरक कोठे करावा? आमच्या मते कसोटी एकच आहे : ज्याच्यावर आपल्या बचतीचा भार पडतो, त्याला मोकळेपणाने 'नाही' म्हणता येते काय? महिनाभर आधी फोन करून, 'तुमच्याकडे अडचण असेल तर आम्ही लॉज पाहिला आहे', असे सांगणारा भाऊ बहिणीला नकाराची वाट ठेवतो. मग तिने 'याच' म्हटले, तर तो खरा होकार. गाडी सुटल्यावर फोन करणारा तिला वाट ठेवत नाही. ड्रायव्हरला पुढचे भाडे हवे असते, म्हणून तो 'नाही' म्हणत नाही. घरातील आई 'नाही' म्हणायचे कधी शिकलेलीच नसते. सफाई करणाऱ्या स्त्रीला कोणी विचारत नाही. जेथे नकार देणे शक्य नाही, तेथे होकार गृहीत धरणे म्हणजे घेणेच होय.

ही कसोटी लावली, तरी सहल रद्द करावी लागत नाही. बहुतेक वेळा ती थोडी आखूड करावी लागते. समजा, पणजीत त्या आठवड्यात दोन खोल्यांची एक रात्र सहा हजारांना पडते आणि वाटेत चिपळूण, संगमेश्वरच्या आसपास साध्या लॉजमध्ये तशाच दोन खोल्या तीन हजारांत मिळतात. पणजीतील चार रात्रींच्या तीन केल्या आणि एक रात्र वाटेत काढली, तर गाडी दिवसाउजेडी चालते, म्हाताऱ्या माणसांचे पाय मोकळे होतात आणि उरलेल्या तीन हजारांत ड्रायव्हरच्या साध्या खाटेची सोय होते. फेब्रुवारीत किंवा पावसाळ्यात गेले, तर दर उतरलेले असतात. एक वेळचे जेवण सर्वांनी बाहेर केले आणि एक वेळ घरातील पुरुषांनी व मुलांनी मिळून काही शिजवले, तर आईलाही समुद्र दिसतो. दिवस कमी करावेत, माणसे कमी लेखू नयेत, एवढेच ह्याचे सार.

एक कठीण प्रसंग मात्र उरतो आणि तो टाळून चालणार नाही. घरात मिळवता एकच आहे, आजी ऐंशीच्या घरात आहे, डोळे मिटण्यापूर्वी जुन्या गोव्याचे दर्शन घ्यावे ही तिची एकच इच्छा आहे आणि जमलेल्या पैशांत रात्रीचा प्रवास केल्यावाचून ते बसत नाही. काय सांगावे अशा मुलाला? त्याने रात्रभर गाडी चालवावी, असे आम्ही सांगू शकत नाही, मग त्यामागील हेतू कितीही पवित्र असो. परंतु 'जाऊ नका' हेही उत्तर नव्हे. सात जणांनी न जाता आजीसह तिघांनी रेल्वेने जावे. तारीख प्रदर्शनाचीच हवी असे नाही, बॅसिलिका वर्षभर उघडी असते. आणि तेवढेही जमत नसेल, तर भावंडांना, शेजाऱ्यांना उघडपणे विचारावे. आपल्या माणसांना मागायची लाज वाटते आणि परक्याकडून न विचारता घ्यायची वाटत नाही, हे उलटे झाले आहे. ज्याच्यापाशी मागितले, त्याला नकार देता येतो. म्हणूनच मागण्यात कमीपणा नाही. घरी राहिलेल्या नातवंडांनाही ह्यातून काही कळेल. आजीच्या दर्शनासाठी आपण आपली सहल सोडली, ही जाणीव त्यांच्यापाशी राहील.

मुले गाडीच्या मागच्या आसनावर बसून बरेच काही टिपत असतात. कोणता किनारा किती वाजता पाहिला, ते चार वर्षांत विसरतात. धाब्यावर बाबांनी ड्रायव्हरकाकांना आपल्याच टेबलावर बोलावले की दूर बसू दिले, मॅनेजरला माणसे किती सांगितली, मिरच्या विकणाऱ्या आजींना सुटे पैसे राहू द्या म्हटले की हिसकून घेतले, हे ती विसरत नाहीत. पुढे ती स्वतःच्या घराची वही उघडतील, तेव्हा आपण कोठे आकडा कमी केला आणि कोठे केला नाही, हे पाहूनच तीही आपले रकाने आखतील.